मंगळवारचा बाजार कुठे गेला?

दर जूनमध्ये नववीच्या नव्या वर्गावर पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद देते आणि सांगते, आपल्या गावाचा आणि आजूबाजूचा नकाशा काढा. मोबाइल दप्तरात, शेजाऱ्याच्या कागदावर नजर नाही. वीसेक वर्षं हे करते आहे आणि दर वर्षी निम्म्याहून जास्त पोरं घाट कागदाच्या वरच्या टोकाला काढतात. आमचं गाव बालाघाटाच्या पायथ्याला आहे आणि डोंगर गावाच्या दक्षिणेला. उत्तर वर धरायची तर घाट कागदाच्या तळाशी यायला हवा. पण इथल्या माणसाला तो तिथे काढवत नाही. लिंबागणेशला, चौसाळ्याला आम्ही ‘वर’ जातो, तिकडचे आमच्याकडे ‘खाली’ येतात. जे चढून जावं लागतं ते कागदाच्या तळाशी कसं काढायचं?

एका नव्या सहकाऱ्याने असे सगळे नकाशे लाल शाईने कापून टाकले होते. मी म्हटलं, सर, चूक एकच आहे. उत्तर कोणीकडे ते पोरांनी दाखवलं नाही. बाण काढायला लावा, मग सगळे बरोबर. आता तेही कोरा कागद देतात.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्या शाळांत इतिहास आणि भूगोल बहुधा एकाच शिक्षकाच्या गळ्यात असतात, पण पोरांच्या डोक्यात ते दोन वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. इतिहास म्हणजे सनावळ्या. भूगोल म्हणजे प्लॅस्टिकचा साचा ठेवून भारताची कड गिरवायची, आत कापूस आणि मँगनीज दाखवायचं, गुण घ्यायचे. या दोन खोल्यांमधली भिंत पाडणं हा माझा धंदा. हत्यार अगदी साधं. इतिहासाच्या पुस्तकातलं कुठलंही वाक्य घ्यायचं आणि विचारायचं: कुठून कुठे, आणि मध्ये काय होतं? फौज निघाली आणि किल्ल्याला वेढा पडला, असं एका ओळीत येतं. त्या दोन शब्दांच्या मध्ये नदी असते, घाट असतो, बैलांना पाणी पाजायची जागा असते. ती सापडली की पोरं सन आपोआप लक्षात ठेवतात.

आमची पोरं नकाशात कच्ची आहेत, असं बाहेर बोललं जातं. मला ते मान्य नाही. महाराष्ट्राचा आणि उत्तर कर्नाटकाचा कोरा नकाशा पुढे ठेवून मी एकदा म्हटलं, तुमचे आईबाप ऊस तोडायला कुठे जातात ते दाखवा. कागदावर बोटं अशी पडली की बघत राहावं. कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा. कुठल्या पुलावर ट्रक थांबतो, कुठल्या फडाला पाणी दूर आहे, सगळं तोंडपाठ. मग मी विचारलं, कारखाने तिकडेच का, इकडे का नाहीत? त्या एका प्रश्नावर धरणं, कालवे, सहकार, दुष्काळ, सगळा धडा दोन तासांत झाला आणि फळ्याला मी फक्त टेकून उभी होते.

पण ही गोष्ट आहे गेल्या वर्षीच्या दहावीची आणि एका हरवलेल्या बाजाराची. गावांची आणि माणसांची नावं बदलते. आमच्या गावाला निमखेड म्हणू.

निमखेडच्या डोक्यावर, घाटमाथ्यावर, मोरदरा नावाची वाडी आहे. पंधरावीस उंबरे. तिथून दहावीत तीन मुली होत्या. त्यांतली शीतल वर्गात पुढच्या बाकावर बसायची आणि कमी बोलायची. मोरदऱ्याहून सरळ खाली उतरणारी एक खिंड आहे, तेलणीची खिंड म्हणतात तिला. वाडीची पोरं वर्षानुवर्षं तिथूनच शाळेत येत. त्या उन्हाळ्यात मात्र खिंडीच्या तोंडाशी असलेल्या सीताफळाच्या बागेला सगळीकडून तारेचं कुंपण पडलं आणि वाट बंद झाली. जूनपासून मुली डांबरी रस्त्याने, डोंगराला मोठा वळसा घालून जीपने येऊ लागल्या. दसरा झाला की तो जीपवाला दर साल गाडी घेऊन कारखान्यावर जातो. त्याच सुमाराला वाडीतली माणसंही ऊसतोडीला निघतात. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी आमच्या भागात हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती आठवीपर्यंतची. म्हणजे हिशेब सरळ होता. वाट नाही तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर मुली आईबापांबरोबर फडावर.

शीतलचे वडील भागवत पालकसभेला आले होते. मी त्यांना दहावीचं महत्त्व सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्याडम, पोरगी हुशार हाय ते मला म्हाईत हाय. म्हातारीपाशी ठिवायलाबी मी तयार हाय. पर ती येनार कशी? वाट दाखवा, ठिवतो.”

वाट बागेतून जात होती आणि बाग आप्पांची होती. आप्पा म्हणजे आमच्या गावचे पाटील. जिल्ह्याच्या राजकारणात मुरलेले, शाळेच्या संस्थेवर असलेले. बकऱ्या सीताफळाची रोपं खातात म्हणून त्यांनी तार ओढली होती, आणि बकऱ्या खरंच खातात. मी भेटून विनंती केली. चहा पाजून त्यांनी सांगितलं की तिथं वाट कधी नव्हतीच. बाया-पोरं आडवी घुसत होती आणि ते चालवून घेत होते, एवढंच.

मी परत आले आणि ठरलेला धडा घेतला. धडा होता मध्ययुगातल्या व्यापाराचा. पुस्तकात एवढंच होतं की माल बैलांच्या तांड्यांवरून जाई. मी विचारलं, कुठून कुठे? आपल्या भागातला रस्ता शोधायचा तर काय बघाल? पोरांनी किल्ला, देऊळ, धर्मशाळा अशी पुस्तकी उत्तरं दिली. मी म्हटलं, आठवडी बाजाराचे वार आणा. आजोळ, मावशी, आत्या, जिथे जिथे नातं आहे तिथला वार.

यात जादू काही नाही. फिरता व्यापारी आज या गावी बसतो, उद्या माल लादून पुढच्या गावी जातो. म्हणून शेजारच्या दोन गावांचा बाजार सहसा एका वारी नसतो आणि पुष्कळदा वारांची माळ रस्त्याने सरकत जाते. सगळीकडे असंच असतं असा माझा दावा नाही. पण शोधायला जागा बरी आहे.

वार आले. एका जुन्या निवडणुकीच्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून आम्ही मोठा नकाशा काढला. हो, घाट वरच आणि उत्तरेचा बाण खाली. काळेगाव रविवार. निमखेड सोमवार. घाटावर हरणी बुधवार. त्याच्या पुढे साकतखेड गुरुवार. ओळीत बसणारी चार गावं आणि मध्ये एक भोक.

“मंगळवारी व्यापारी झोपत असतील,” अल्ताफ म्हणाला. वर्गात असा एक तरी लागतो.

मी शिवणाचा दोरा काढला आणि निमखेडपासून हरणीपर्यंत खिंडीतून ताणला. लादलेला बैल घाट चढून एका दिवसात हरणी गाठेल का? शेतकऱ्यांच्या पोरांना हे मी सांगायची गरज नव्हती. नाही गाठणार. मग मुक्काम कुठे पडेल? दोऱ्याचा मधला भाग मोरदऱ्यावर आला आणि वर्ग खो-खो हसला. मोरदऱ्याला किराणा दुकान नाही. चहापत्तीला माणसं खाली येतात. तिथं बाजार?

शीतल उठून उभी राहिली. तिला राग आला होता.

“हसायला काय झालं? आमच्यात मंगळवारी औत धरत न्हाईत.”

“कावून?” मागून कोणीतरी.

“कावून म्हंजे? न्हाईत धरत. मंगळवारी बैल जुपला की त्याला दुखणं लागतं म्हणते आज्जी.”

मी खडू खाली ठेवला. निमखेडला औत कधी बंद असतं? सोमवारी, सगळे म्हणाले, महादेवाचा वार म्हणून. आणि सोमवारीच बाजार. मग काळेगावला? माहीत नव्हतं. हरणीला? तेही नव्हतं. मधल्या सुट्टीत मी माझा फोन वर्गात फिरवला. हरणीच्या एका मावशीला आणि काळेगावच्या एका मामाला अचानक विचारण्यात आलं की तुमच्याकडे औत कोणत्या वारी धरत नाहीत. मावशी म्हणाली बुधवारी, आणि रानात कामं पडलीत, ठेव फोन. मामा म्हणाला रविवारी. जिथे बाजाराचा वार, तिथे बैलाला सुट्टी. बैल बाजारात लागतो, तो औताला कसा मिळणार? बाजार उठून गेला तरी मोरदऱ्याच्या बैलांची सुट्टी चालूच राहिली होती, आणि आता तिला दुखण्याचं कारण चिकटलं होतं.

त्या दिवशी पुढचे दोन तास मी घेतलेच नाहीत असं म्हटलं तरी चालेल. पोरं बाकावर बसायला तयार नव्हती. गणिताचे सर दारात आले, एक मिनिट ऐकत उभे राहिले आणि आपला तास आम्हाला देऊन गेले. माझ्या नोकरीत असं एकदाच घडलं आहे.

अंदाज हा अंदाज असतो. त्याला साक्ष लागते. पाऊस उघडल्यावर एका शनिवारी आम्ही वर्ग घेऊन मोरदऱ्याला गेलो. वाडीच्या मध्ये मैदान होतं, निमखेडच्या बाजारतळाएवढं. एवढ्याशा वाडीला एवढं मैदान कशाला? कडेला बारव होती आणि तिच्यात उतरायला पायऱ्यांबरोबर एक रुंद उतारही होता. माणसाला पायऱ्या पुरतात, उतार जनावरांसाठी. वाडीत बैलजोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि उतार असा की दहा बैल शेजारी शेजारी उभे राहावेत. हे सगळं शीतल रोज बघत होती. आता ती मालकिणीसारखी पुढे पुढे चालत होती आणि कालपर्यंत हसणारे तिच्या मागे वह्या घेऊन पळत होते.

मग आम्ही खिंड उतरलो. वळणावळणावर खडक फोडून वाट रुंद केलेली आहे, पाणी वाहून जायला कडेने चर खोदलेला आहे. बकऱ्यांसाठी कोणी खडक फोडत नाही. तळाशी आलो. समोर तार. तारेपलीकडे बाग, बागेपलीकडे गाव, आणि गावात आमच्या शाळेचा झेंड्याचा खांब स्वच्छ दिसत होता. तिथून आम्ही सगळे परत फिरलो, आख्खा घाट पुन्हा चढलो आणि जीपने वळसा घालून घरी आलो. कोणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

नकाशा हेडसरांना दाखवला. त्यांनी तो बारकाईने पाहिला, छान आहे म्हणाले, आणि पुढे म्हणाले, “मॅडम, हा वर्गातच ठेवा.” त्यांना दोष देत नाही. त्यांना संस्था सांभाळायची असते. मी तो नकाशा घेऊन आप्पांकडे गेले. त्यांनीही बारकाईने पाहिला. बारव ठीक, मैदान ठीक, पण खालची वाट बागेतूनच जात होती कशावरून? घाटातून उतरल्यावर माणूस कुठेही वळू शकतो. प्रश्न रास्त होता. मी तो तसाच वर्गात नेला: खिंडीच्या तोंडापासून गावाच्या वेशीपर्यंत रस्ता नेमका कुठून होता? आज तिथून कोण चालतं?

“कुणीच न्हाई,” पोरं म्हणाली.

“देव चालतो की,” अल्ताफ म्हणाला.

अल्ताफच्या घरी दसऱ्याच्या पालखीपुढे मशाल धरण्याचा मान आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यामुळे पालखी कुठून जाते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. सीमोल्लंघनाला प्रत्येक गाव आपल्या शिवेवर जातं. निमखेडची पालखी वेशीतून निघून सरळ आप्पांच्या रानातून खिंडीच्या तोंडाशी जाते. तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे. दगडाच्या अलीकडे निमखेड थांबतं, पलीकडे मोरदऱ्याची माणसं आपट्याची पानं घेऊन उभी असतात. गावचा पाटील पुढे होऊन मोठ्याने विचारतो: घाट मोकळा हाय का? पलीकडून उत्तर येतं: मोकळा हाय, येऊ द्या. असं तीनदा. मग पानं वाटायची आणि पालखी फिरवायची. उत्तर आल्याशिवाय पालखी फिरत नाही.

मी हे सोनं वीस वर्षं लुटत आले होते. ते प्रश्नोत्तर मी भजनासारखं ऐकलं होतं. एका वाटेची दोन टोकं एकमेकांशी बोलत आहेत, खालचा राखणदार वरच्याला विचारतो आहे की माल सोडू का, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे आप्पांचं घराणं या घाटाचं राखणदार असलं पाहिजे. त्यांचा मान वाटेमुळे होता आणि वाट त्यांनीच तारेत घेतली होती.

“वरून उत्तर कोण देतं?” मी विचारलं.

“आमच्या घरचा मान हाय,” शीतल म्हणाली. “आज्जा देत हुता. आता आमचे आण्णा.”

आण्णा म्हणजे भागवत.

पुढचं नीट सांगते, कारण हेडसरांना ते अजून पटलेलं नाही: मी भागवतना काहीही शिकवलं नाही. दसऱ्याआधी ते मुलीच्या चाचणीचे गुण बघायला आले, तेव्हा मी नकाशा दाखवला आणि त्या प्रश्नोत्तराचा अर्थ आम्हाला काय लागला तो सांगितला. त्यांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि जीपवाला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार आहे, एवढं सांगून गेले. मी मनात म्हटलं, झालं. धडा छान झाला, मुली गेल्या.

दसऱ्याला पालखी आत येण्यापुरती गावाकडची तार एका जागी सोडली होती, दगडापाशी मात्र ती तशीच होती. पालखी आली. हलगी थांबली. मी बायांमध्ये उभी होते. माझा निम्मा वर्ग पुढे घुसला होता आणि मशाल अल्ताफच्या हातात होती. आप्पा फेटा बांधून दगडापाशी गेले.

“घाट मोकळा हाय का?”

पलीकडे भागवत पानं घेऊन उभे होते. मागे शीतल, तिची आजी, वाडीतली माणसं. उत्तर आलं नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून आप्पांनी आवाज चढवला.

“घाट मोकळा हाय का?”

पुन्हा काही नाही. लोक माना उंचावून बघू लागले. या माणसाला थोड्याच दिवसांत ऊसतोडीला जायचं होतं, आणि त्याला टोळीत घेणारा मुकादम आप्पांच्या बैठकीतला. हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी हळू.

“न्हाई, पाटील,” भागवत म्हणाले. “तार हाय.”

कोणी हसलं नाही. पालखीचे भोई खांदे बदलत होते. देव गावाबाहेर, पालखी फिरवता येत नाही, सूर्य कलत आलेला. आप्पांचा चेहरा आधी काळवंडला, आणि मग, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यावर हिशेब उमटला. ते उगीच इतक्या निवडणुका लढलेले नाहीत.

“भागवत, लई बोलाय लागला तू.”

“तुमीच इचारलं, पाटील.”

आप्पांनी क्षणभर दगडाकडे पाहिलं. मग गावाकडे तोंड करून ते म्हणाले की हा घाट त्यांच्या वाडवडिलांनी राखला, आणि राखणारानेच तो बंद ठेवला असं निमखेडच्या पाटलाबद्दल कोणी म्हणायला नको. यातला पहिला भाग आमच्या फ्लेक्सच्या नकाशावरचा होता, पालखीचा अर्थ लागल्यावर शीतलने खालच्या कोपऱ्यात लिहिलेला आणि पोरांच्या तोंडून गावभर झालेला. उसनवारीचा उल्लेख त्यांनी केला नाही, मीही मागितला नाही.

“पक्कड आना कुनीतरी,” ते म्हणाले. “देव उबा हाय.”

तार तिथेच तुटली. मग भागवतनी तीनदा उत्तर दिलं, तिन्ही वेळा मोठ्याने. आठवड्याभरात बागेच्या बांधाने दोन बैल शेजारी जातील एवढी पट्टी मोकळी झाली, दोन्ही बाजूंनी नवी तार लागली आणि तोंडाशी भला मोठा फ्लेक्स उभा राहिला: ऐतिहासिक घाटमार्ग, संकल्पना आप्पासाहेब, शेजारी हात जोडलेला फोटो. सीताफळाला हात लावणाऱ्याचं तंगडं मोडण्यात येईल, हे तोंडी कळवण्यात आलं. माझं काही म्हणणं नाही. मला मनपरिवर्तन नको होतं, वाट हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. भागवत गेले, शीतलची आई गेली. शाळा उघडली त्या दिवशी पहिला तास माझाच होता. हजेरी घेतली आणि मोरदऱ्याच्या तिन्ही नावांना उत्तर आलं नाही. मी पुढची नावं वाचली. वही मिटली. फळ्यावर तारीख लिहिली. माझं लक्ष कशातच नव्हतं, हे पोरांना दिसत असणार.

अर्धा तास उलटून गेल्यावर तिघी दारात आल्या, धापा टाकत, ओढण्यांना कुसळं लागलेली. शीतलच्या हातात कंपासपेटीतली पट्टी होती.

मी विचारलं, ही काय वेळ झाली?

“म्याडम, सुट्टीतल्या पावसानं दुसऱ्या वळनावर माती वाहून गेलीया,” ती म्हणाली. “खाली खडकात चाकोरी हाय, दोन्ही बाजूंनी. आमी मोजली. म्हंजे नुसते बैल न्हाईत, गाड्याबी जात हुत्या.”

नियम म्हणजे नियम. तिघींच्या नावापुढे उशिराची खूण केली. मग टेबलावर नकाशा पसरला आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.